आयर्न मेडन : दोन तासांचा कार्यक्रम आणि त्यामागचं पन्नास वर्षांचं बिऱ्हाड

रॉक बँडचा कार्यक्रम म्हटला की डोळ्यांपुढे येतात ते दिवे, धूर, लांब केसांचे गिटारवाले आणि हात उंचावलेली गर्दी. हे सगळं दोन तासांत संपतं. उरलेले बावीस तास मात्र कुणाला दिसत नाहीत. त्या तासांत ट्रक धावतात, लोखंड चढतं आणि उतरतं, केबली गुंडाळल्या जातात, गाणारा घसा जपला जातो आणि घरी फोन करून 'अजून तीन महिने लागतील' असं सांगितलं जातं. संगीत नाटकांचे दौरे ज्यांनी आजोबांकडून ऐकलेत, त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. आज इथे, उद्या तिथे, पेटारे तेच, गावं वेगळी. फरक आहे तो आकाराचा.

हे जग समजून घ्यायला इंग्लंडचा 'आयर्न मेडन' हा बँड चांगलं उदाहरण आहे. हा बँड रेडिओच्या जोरावर नाही, दौऱ्यांच्या जोरावर मोठा झाला. त्याने भारतातही कार्यक्रम केले. त्यातला एक मुंबईत झाला, तर एक आपल्यापासून रात्रभराच्या अंतरावरच्या बंगळुरात. दौऱ्याची किंमत काय असते, हेही या बँडच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

थोडक्यात ओळख

बेस गिटारवादक स्टीव्ह हॅरिस याने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटन भागात हा बँड उभा केला. हॅरिस हा कामगारवस्तीतला मुलगा. वेस्ट हॅम क्लबच्या तरुण खेळाडूंमध्ये त्याने फुटबॉलचे धडे घेतले होते आणि पोटापाण्यासाठी ड्राफ्ट्समनचं काम शिकला होता. गिटारवादक डेव्ह मरे १९७६ मध्ये आला. पहिल्यापासून आजपर्यंतच्या प्रत्येक अल्बमवर असलेले दोघेच, हॅरिस आणि मरे.

एड्रियन स्मिथ १९८० मध्ये आला, गायक ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये आणि ड्रमवादक निको मॅकब्रेन १९८२ च्या अखेरीस. तिसरा गिटारवादक यानिक गर्स १९९० मध्ये आला. डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडला आणि १९९९ मध्ये स्मिथसह परतला. तेव्हापासून बँडमध्ये तीन गिटारी आहेत. १९८० ते २०२१ या काळात सतरा स्टुडिओ अल्बम निघाले. कार्यक्रमांची संख्या दोन हजारांच्या कितीतरी पुढे गेली आहे.

पब, जुनी गाडी आणि पंपाचं रक्त

सुरुवातीची वर्षं लंडनच्या पबमध्ये गेली. स्ट्रॅटफर्डमधला 'कार्ट अँड हॉर्सेस' आणि ईस्ट हॅममधला 'रस्किन आर्म्स' ही त्यांची ठरलेली ठिकाणं. बाहेरगावच्या कार्यक्रमांसाठी एक जुना, अवजड ट्रक घेतला. त्याला लाडाने 'ग्रीन गॉडेस' म्हणायचे. सामान त्यातच आणि झोपही त्यातच. लॉजचं भाडं परवडायचं नाही, म्हणून कार्यक्रम संपला की गाडीतच आडवं व्हायचं.

पैसे नसले तरी प्रेक्षकाला काहीतरी दिसलं पाहिजे, हा हट्ट मात्र तेव्हापासूनचा. दिव्यांचं काम बघणाऱ्या डेव्ह बीझली या मित्राने मागच्या पडद्यावर एक मुखवटा बसवला. शेवटच्या गाण्याला त्याच्या तोंडातून लाल रंगाचं रक्त यायचं. त्यासाठी माशांच्या काचपेटीला लावतात तसला पंप वापरला होता. मुखवटा ड्रमच्या मागेच असल्यामुळे ते रक्त ड्रमवाल्याच्या डोक्यावर सांडायचं! 'एडी' या प्रसिद्ध पात्राचा जन्म असा झाला. पुढे चित्रकार डेरेक रिग्ज याने अल्बमच्या मुखपृष्ठावर एडीला रूप दिलं आणि मंचावरचा मुखवटा वाढत वाढत दुमजली घराएवढा झाला.

पैशाचं गणितही तेव्हाच जुळायला लागलं. १९७८ च्या शेवटच्या दिवसांत स्वस्तात रेकॉर्ड केलेली तीन गाणी त्यांनी 'द साउंडहाउस टेप्स' या नावाने १९७९ मध्ये स्वतःच काढली. पाच हजार प्रती, त्याही टपालाने विकल्या. दुकानदार नाही, रेडिओ नाही, सरळ चाहत्याच्या पत्त्यावर. त्याच वर्षी मॅनेजर म्हणून आलेला रॉड स्मॉलवूड आजही सोबत आहे. रेडिओने गाणी वाजवली नाहीत तर लोकांच्या गावात जाऊन वाजवायची, हे धोरण तिथून पक्कं झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी काय काय होतं?

मोठ्या रॉक कार्यक्रमाचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो. तेव्हा वादक झोपलेले असतात. सगळ्यात आधी पोचतात रिगर, म्हणजे छताला लोखंड टांगणारी माणसं. मोकळ्या सभागृहात ते मोजपट्टी घेऊन फिरतात आणि फरशीवर खडूने खुणा करतात. प्रत्येक खुणेच्या बरोबर वर छताच्या तुळईला साखळी बांधायची आणि तिला मोटर लावायची. मग दिव्यांचे आणि स्पीकरचे सांगाडे जमिनीवरच जोडून हळूहळू वर उचलायचे. हजारो किलो वजन लोकांच्या डोक्यावर टांगायचं असतं, त्यामुळे या कामात 'चालतंय की' चालत नाही.

त्यानंतर ध्वनी, दिवे, पडदे आणि शेवटी वाद्यं. ट्रक भरण्याचा क्रम याच्या उलटा असतो. रात्री वाद्यं आधी उतरतात आणि छताचं लोखंड सगळ्यात शेवटी. ते शेवटी चढतं म्हणून दुसऱ्या गावात सगळ्यात आधी बाहेर येतं. उघड्या मैदानावरच्या फार मोठ्या दौऱ्यांत मंचाचे दोन-दोन, तीन-तीन सांगाडे असतात. एका गावात कार्यक्रम चालू असतो, तेव्हा पुढच्या गावात दुसरा सांगाडा उभा राहत असतो.

या कामगारांना इंग्रजीत 'रोडी' म्हणतात. प्रत्येकाचं काम ठरलेलं. गिटारच्या तारा बदलणारा वेगळा, ड्रम मांडणारा वेगळा, मिक्सरवर बसणारा वेगळा. मिक्सरही दोन असतात. एक प्रेक्षकांच्या मधोमध, लोकांना काय ऐकू जावं हे ठरवायला. दुसरा मंचाच्या कडेला, वादकाला स्वतःचं काय ऐकू यावं हे ठरवायला. ड्रमवाल्याला बेस हवा असतो, गायकाला स्वतःचा आवाज. प्रत्येकाची मागणी वेगळी आणि ती सगळी सांभाळणारा माणूस कुणाला दिसत नाही. सामान उतरवायला प्रत्येक गावात स्थानिक मजूर घेतात. दौरा त्यांचा नसतो, घाम मात्र त्यांचाच असतो.

दुपारी प्रत्येक माइक आणि प्रत्येक वायर एकेक करून तपासतात. मग वादक येऊन थोडं वाजवून बघतात. दारं उघडतात. आधीचा छोटा बँड वाजवतो. त्याचं सामान हटवून मुख्य बँडची मांडणी पूर्ण करायला अर्धा-पाऊण तास मिळतो. गाण्यांची यादी कागदावर लिहून मंचाच्या फरशीला चिकटपट्टीने लावलेली असते. दोन तास कार्यक्रम. शेवटचा सूर विरायच्या आतच मागे केबली गुंडाळायला सुरुवात होते. प्रेक्षक बसस्टँडवर पोचेपर्यंत अर्धा मंच उतरलेला असतो.

रात्रीचा प्रवास झोपायच्या बसमधून. एकावर एक फळ्या, पुढे पडदा आणि डब्याएवढी जागा. या बसचे काही अलिखित नियम जगभर सारखेच आहेत. झोपताना पाय गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवायचे. म्हणजे ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला तर डोकं आपटत नाही. बसमधलं स्वच्छतागृह फक्त लघवीपुरतं वापरायचं. हे दोन नियम मोडणाऱ्याला कुणी माफ करत नाही.

करारातली बारीक अट

आयोजकाबरोबरच्या करारात 'रायडर' नावाची पुरवणी असते. वीज किती लागेल, मंच किती वजन पेलला पाहिजे, दारं किती रुंद हवीत, जेवण काय, हे सगळं त्यात असतं. यातली सगळ्यात गाजलेली अट आयर्न मेडनची नाही, 'व्हॅन हेलन' या अमेरिकन बँडची. एम अँड एमच्या गोळ्या ठेवा, पण तपकिरी रंगाची एकही नको, अशी ती अट.

वर्तमानपत्रांनी याला नटखट लाड म्हटलं. गायक डेव्हिड ली रॉथ याने पुढे खुलासा केला की ती एक परीक्षा होती. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली, की आयोजकाने करार नीट वाचलेला नाही हे कळायचं. मग वजनाचे आणि विजेचे आकडेही त्याने वाचले नसणार, म्हणून सगळं पुन्हा तपासायचं. लग्नाच्या मांडवात वायरिंग बघणारा अनुभवी माणूस आधी अर्थिंग बघतो, तसंच हे. एका क्षुल्लक खुणेवरून पुढचा धोका ओळखायचा.

मंचावर

आयर्न मेडनचे चाहते घड्याळ बघत नाहीत. स्पीकरवर 'यूएफओ' या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' हे जुनं गाणं लागलं की सगळ्यांना कळतं, आता सुरू. कार्यक्रम संपल्यावर मॉन्टी पायथनच्या चित्रपटातलं गमतीदार गाणं लागतं आणि लोक ते गुणगुणत बाहेर पडतात. आपल्याकडे नांदी आणि भैरवी असते, तसलाच हा प्रकार.

मध्ये एडी येतो. १९८४-८५ च्या दौऱ्यात मंचावर इजिप्तचं मंदिर उभं केलं होतं आणि मागून ममीच्या रूपातला अवाढव्य एडी वर यायचा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'लेगसी ऑफ द बीस्ट' दौऱ्यात 'एसेस हाय' या गाण्याला दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची प्रतिकृती वादकांच्या डोक्यावर तरंगायची. त्याआधी चर्चिलच्या भाषणाचा तुकडा वाजायचा. साठी ओलांडलेला डिकिन्सन त्याच कार्यक्रमात हातांना आगीचे फवारे बांधून गायचा.

पण मंचावर न दिसणारा एक माणूस सांगायलाच हवा. मायकेल केनी हा अनेक वर्षं स्टीव्ह हॅरिसचा बेस गिटार सांभाळणारा मदतनीस. तारा लावायच्या, गिटार बदलून द्यायची, हे त्याचं काम. १९८६ नंतर बँडच्या गाण्यांत सिंथेसायझरचे सूर येऊ लागले. ते कार्यक्रमात कोण वाजवणार? केनीच! पडद्याआडून. हजारो लोक ते सूर ऐकून हरखायचे आणि वाजवणारा माणूस त्यांना दिसायचाही नाही. १९८८ च्या दौऱ्यात एका गाण्यापुरतं त्याला मंचावर वर उचलून दाखवलं जायचं. तबलजीचा तबला लावून देणाऱ्यानेच मागे बसून तानपुरा छेडावा, तसं हे.

अकरा महिन्यांचा दौरा आणि थकलेली माणसं

या बँडच्या इतिहासातला सगळ्यात कठीण दौरा १९८४-८५ चा, 'वर्ल्ड स्लेव्हरी टूर'. ९ ऑगस्ट १९८४ ला पोलंडच्या वॉर्सामध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८५ ला कॅलिफोर्नियात संपला. अकरा महिन्यांत १८० हून अधिक कार्यक्रम. पश्चिमेकडच्या बँडने पूर्ण मंच, दिवे आणि ध्वनी घेऊन कम्युनिस्ट पोलंड आणि हंगेरीत जाणं तेव्हा अपूर्वाईचं होतं. त्या प्रवासावर माहितीपटही निघाला. पोझनान शहरात रात्री एका लग्नाची मेजवानी चालू होती. बँडची मंडळी तिथे जाऊन पोचली आणि वऱ्हाडापुढे 'डीप पर्पल'चं 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवून आली. नवरा-नवरीला काय वाटलं असेल, विचार करा!

जानेवारी १९८५ मध्ये ब्राझीलच्या पहिल्या 'रॉक इन रिओ' महोत्सवातही ते वाजवून आले. मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे ओळीने चार रात्री कार्यक्रम झाले. तिथलं बरंचसं रेकॉर्डिंग 'लाइव्ह आफ्टर डेथ' या अल्बममध्ये आहे. जाणकार आजही त्याची गणना उत्तम लाइव्ह अल्बममध्ये करतात.

ऐकताना कुठेही थकवा जाणवत नाही, पण माणसं आतून रिकामी झाली होती. दौरा संपल्यावर मोठी सुट्टी मागून घ्यावी लागली. डिकिन्सन तलवारबाजीत रमला. पुढच्या अल्बमसाठी त्याने वाद्यांचा गदारोळ नसलेली, साध्या गिटारवरची गाणी आणली. ती बँडला पटली नाहीत. त्यामुळे १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम' या अल्बमवर गीतकार म्हणून डिकिन्सनचं नाव एकाही गाण्याला नाही. मुख्य गायक, पण स्वतःचं एकही गाणं नाही. अकरा महिन्यांच्या दौऱ्याचा हिशेब असा अल्बमच्या श्रेयनामावलीत उमटला. एवढा लांब दौरा त्यांनी परत केला नाही.

कोण टिकलं, कोण गळालं

दौरा सगळ्यांना झेपत नाही. पहिल्या दोन अल्बमांचा गायक पॉल डिआनो १९८१ मध्ये बाहेर गेला. नशा आणि दौऱ्याचा ताण यामुळे आपण कोलमडलो, हे पुढे त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं निधन झालं.

ड्रमवादक क्लाइव्ह बर १९८२ च्या दौऱ्यानंतर गेला. त्याला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. मज्जातंतूंच्या या आजारात हातापायांवरचा ताबा सुटत जातो. ड्रमवाल्यासाठी यापेक्षा क्रूर दुसरं काय असणार? जुने मतभेद बाजूला ठेवून बँडने मार्च २००२ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत त्याच्या मदतीसाठी तीन कार्यक्रम केले. बर २०१३ मध्ये गेला.

१९९४ ते १९९९ या काळात गायक होता ब्लेझ बेली. त्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. डिकिन्सनची उंच पट्टीतली गाणी रोज रात्री गायची म्हणजे घसा फाटायचाच. आवाज बसल्यामुळे त्या काळात अनेक कार्यक्रम रद्द करावे लागले. स्टुडिओत एक गाणं दहा वेळा घेता येतं, दौऱ्यावर तीच पट्टी उद्याही लागावी लागते आणि परवाही.

परतलेल्या डिकिन्सनवरही वेळ आली. जिभेच्या मागच्या बाजूला कर्करोगाची गाठ निघाली. २०१५ च्या सुरुवातीला उपचार झाले आणि मे महिन्यात तो बरा झाल्याचं जाहीर झालं. अल्बम तयार होता, पण दौरा फेब्रुवारी २०१६ पर्यंत थांबवला. गायकाच्या घशाला वेळ दिला. १९८५ आणि २०१५ मधला फरक हाच. आधी वेळापत्रक ठरायचं आणि माणूस त्यात बसवला जायचा. नंतर माणूस बघून वेळापत्रक ठरू लागलं.

स्वतःचं विमान, स्वतःचा वैमानिक

डिकिन्सन नुसता हौशी वैमानिक नव्हता. रीतसर परवाना घेऊन तो 'अॅस्ट्रेअस' या ब्रिटिश विमान कंपनीत प्रवासी विमानं चालवत होता. त्यातून २००८ च्या दौऱ्याची कल्पना निघाली. मोठ्या बँडचं सामान समुद्रमार्गे पाठवायचं तर आठवडेच्या आठवडे जातात. त्यामुळे भारत, ऑस्ट्रेलिया, जपान आणि दक्षिण अमेरिका एकाच फेरीत जमत नाहीत. मग त्यांनी बोइंग ७५७ विमान भाड्याने घेतलं, मागच्या सीट काढून तिथे सुमारे १२ टन सामान भरलं आणि पुढे सत्तरच्या आसपास माणसं बसवली. विमानाचं नाव 'एड फोर्स वन'. कॅप्टन, अर्थात, गायकच.

या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला १ फेब्रुवारी २००८ रोजी, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. दीड महिन्यात २३ कार्यक्रम करून पहिली फेरी टोरांटोच्या बाजूला संपली. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी या प्रवासावर 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट काढला. तो २००९ मध्ये आला. पडद्यामागचं जग बघायचं असेल तर तो जरूर बघा.

त्यात दोन प्रसंग लक्षात राहतात. कोस्टारिकात गोल्फ खेळताना निको मॅकब्रेनच्या मनगटाला चेंडू लागला. एक गोल्फचा चेंडू, आणि सत्तर माणसांचा ताफा, विमान, तिकिटं काढून बसलेले हजारो लोक, सगळं एका मनगटावर अडलेलं! दुसरा प्रसंग बोगोटाचा. कार्यक्रम संपल्यावर एक चाहता हातात ड्रमची काठी धरून निःशब्द रडत उभा आहे. कोलंबियात बँड पहिल्यांदाच आला होता.

२०१६ मध्ये याहून मोठं बोइंग ७४७ घेतलं. मार्च महिन्यात चिलीच्या सांतियागो विमानतळावर ते ओढून नेताना टोइंगची गाडी आदळली. विमानाच्या इंजिनांची मोडतोड झाली आणि जमिनीवरचे दोन कर्मचारी जखमी झाले. बँड दुसऱ्या विमानांनी पुढच्या गावी गेला आणि ठरलेले कार्यक्रम केले. बातम्या विमानाच्या झाल्या, पण जखमी झाले ते कामगार, हे विसरून चालणार नाही.

याच चिलीत १९९२ मध्ये चर्चकडून विरोध झाल्यामुळे बँडचा कार्यक्रम होऊ शकला नव्हता. २०११ मध्ये त्याच सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये त्यांनी गर्दी खेचली आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग 'एन विव्हो!' या नावाने काढलं.

गर्दीची जबाबदारी

ऑगस्ट १९८८ मध्ये इंग्लंडच्या डॉनिंग्टन इथे 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सव झाला. आयर्न मेडन मुख्य बँड होता आणि एक लाखाहून जास्त लोक आले होते. दिवसा 'गन्स अँड रोझेस' वाजवत असताना चिखलाच्या उतारावर पुढे रेटा आला आणि चेंगराचेंगरीत दोन तरुणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी महोत्सव भरलाच नाही. १९९० मध्ये परत सुरू झाला तेव्हा प्रेक्षकसंख्येवर ७२,५०० ची मर्यादा आली.

यात्रा, उरूस, सभा, क्रिकेटची मिरवणूक, गर्दीची भीती आपल्याला अनोळखी नाही. मंचासमोरचे लोखंडी कठडे, मध्ये सोडलेली मोकळी वाट, पाण्याच्या बाटल्या पुढे देणारे स्वयंसेवक, हे सगळं सजावटीचा भाग वाटतं. खरं तर त्यातली प्रत्येक गोष्ट अशा एखाद्या दुर्घटनेतून शिकलेली असते.

बंगळूर, मुंबई आणि 'परिक्रमा'

१७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर आयर्न मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. तोपर्यंत या दर्जाचा हेवी मेटल बँड उमेदीच्या काळात भारतात येणं ही दुर्मीळ गोष्ट होती. बेळगावहून बंगळूर म्हणजे रात्रीची गाडी पकडली की सकाळी हजर. गोवा आणि हुबळी-धारवाडच्या पोरांनाही ते मुंबईइतकंच आवाक्यातलं. कॅसेट घासून घासून ऐकणाऱ्या पिढीला तो बँड प्रत्यक्ष दिसला.

त्या रात्री आधी वाजवणाऱ्यांत दिल्लीचा 'परिक्रमा' हा बँड होता. १९९१ पासून कॉलेजच्या महोत्सवांतून वाजवत आलेली ही मंडळी. त्यांचं वाजवणं आवडलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात, म्हणजे त्याच डॉनिंग्टनच्या मैदानावर, परिक्रमाला वाजवायची संधी मिळाली. आयर्न मेडन पुढच्या वर्षी मुंबईत आला आणि २००९ मध्ये पुन्हा बंगळुरात. मोठ्या बँडच्या दौऱ्यामुळे गावाला काय मिळतं, याचं उत्तर फक्त तिकीटविक्रीत नसतं. स्थानिक साउंडवाल्याला, दिवेवाल्याला आणि आधी वाजवणाऱ्या पोरांना जगाचं माप कळतं. ते ज्ञान कार्यक्रम संपल्यावरही गावातच राहतं.

आता कुठे आहेत?

जानेवारी २०२३ मध्ये निको मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका आला. एक बाजू लुळी पडलेल्या ड्रमवाल्याने सराव करून काही महिन्यांत पुन्हा मंच गाठला. जुने वेगवान तुकडे मात्र पूर्वीसारखे येईनात, हे त्याने उघडपणे सांगितलं. ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलच्या साव पावलोमध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याने दौऱ्यावरचा शेवटचा कार्यक्रम वाजवला. त्याच्या जागी सायमन डॉसन आला. हॅरिसच्या 'ब्रिटिश लायन' या दुसऱ्या बँडचा तो ड्रमवादक.

२७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये पन्नाशीचा दौरा सुरू झाला. चाहत्यांना एक विनंती करण्यात आली : फोन खिशात ठेवा आणि डोळ्यांनी कार्यक्रम बघा. पन्नास वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसांना एवढं मागायचा हक्क असावा.

आता सीमाभागातही गणेशोत्सवात, कॉलेजात, लग्नसमारंभांत तरुणांचे बँड वाजतात. मंचावर उभं राहायची हौस सगळ्यांना असते. या पन्नास वर्षांतून त्यांनी घ्यावं असं साधंच आहे. वायर बघितल्याशिवाय माइकला हात लावू नका, घसा बसला तर सुट्टी घ्या, रात्रभर गाडी चालवून दुसऱ्या दिवशी वाजवू नका आणि सामान उचलणाऱ्याला आधी जेवायला वाढा. गाणं चुकलं तर लोक विसरतात. वर टांगलेलं लोखंड चुकलं, तर ते विसरता येत नाही.